पोत्याच्या कव्हरातली तबकडी

जुन्या कपड्यांवर भांडी देण्याचा धंदा मी सव्वीस वर्षं केला. लातूर, निलंगा, उदगीर आणि महिन्यातून एकदा नांदेड. डोक्यावर स्टीलच्या भांड्यांची पाटी, काखेत कपड्यांचं गाठोडं. कुणी भांडेवाली म्हणायचं, कुणी बोहारीण. माझं नाव शेवंता आहे हे पुष्कळ घरांना शेवटपर्यंत माहीत नव्हतं आणि मीही कधी सांगितलं नाही. मला फार बोलायला जमत नाही. धंद्यात ते बरं पडलं. आपण गप्प बसलं की समोरची बाई बोलत राहते, आणि बोलता बोलता मोठ्या डब्यावरून लहान डब्यावर येते.

आता गुडघे गेले, पाटी सुटली. चौथीपर्यंत शिकले आहे, लिहिता येतं. नातीच्या वह्यांची कोरी पानं उरतात, त्यावर हे लिहिते आहे. दाखवायचं कुणाला नाही.

लोकांना वाटतं आम्ही कपडे घेतो. आम्ही आधी संशय घेतो. लुगडं पुढं आलं की ते उजेडाकडं धरायचं. पदर झगझगीत असतो, पण घडीच्या आतलं अंग विरलेलं असतं आणि ते मुद्दाम आत घातलेलं असतं. पॅन्ट घेतली की बूड आणि गुडघे बघायचे. सदऱ्याची कॉलर उलटून शिवली आहे का ते नखानं चाचपायचं. घरच्या बायकाही काही कमी नव्हत्या. तांब्या वाजवून बघायच्या, डब्याला लोहचुंबक लावायच्या, एक जण तर झाकण दाताखाली धरायची. दोघींचा एकमेकींवर विश्वास नाही, हे दोघींनाही माहीत असतं, म्हणून भांडण होत नाही.

हा धंदा मला गौराबाईनं शिकवला. मोठ्या दुष्काळात आम्ही निलंग्याकडचं गाव सोडून लातूरला आलो तेव्हा ती शेजारच्या खोलीत राहायची. तिनं एक नियम घालून दिला होता. एका घरातून घेतलेला माल त्या घराच्या गाठीत आठ दिवस बांधून ठेवायचा, पुढं द्यायचा नाही. कारण सुना सासूला न विचारता देतात, बायका नवऱ्याला न विचारता देतात. आठ दिवसांत कुणी मागायला आलं तर माल परत द्यायचा, भांडं परत घ्यायचं, तोंडातून शब्द काढायचा नाही. गौराबाई म्हणायची, "आपल्याला घरात घेत्यात ते भांड्यामुळं न्हाई, गाठीमुळं घेत्यात." तो नियम मी सव्वीस वर्षांत एकदाच मोडला. त्याचीच ही गोष्ट आहे.

लातूर जिल्हा झाला तेव्हा कचेऱ्या आल्या, कचेऱ्यांमागून बदलीची माणसं आली. त्यांच्या घरात कॅसेटच्या मशिनी आल्या होत्या, जुन्या तबकड्यांची अडगळ झाली होती. मग गाण्याच्या तबकड्या गाठोड्यात येऊ लागल्या. मी आधी घेत नव्हते. तबकडी फाटली आहे की धड आहे हे मला कसं कळणार? पण बायका साडीखाली सारून द्यायच्याच. मग मी त्या इथंतिथं देऊ लागले. एक शेतकरी ज्वारीत पाखरं हाकायला दोरीला टांगून न्यायचा. एक खानावळवाली पाण्याच्या माठांवर झाकण म्हणून घ्यायची.

त्यात एक दिवस धारूरकर साहेब भेटले. नव्या जिल्हा कचेरीत नकाशे काढायला होते, उस्मानाबादहून आलेले. बारीक अंगाचे, चष्मेवाले. माझ्या गाठोड्यातल्या तबकड्या त्यांनी पायरीवर बसून एक एक पाहिल्या. मोठ्या सगळ्या बाजूला सारल्या, सिनेमाच्या सारल्या, भजनाच्या सारल्या. मग एक छोटी, ताटलीएवढी, उचलली. तिच्यावर कुणाचं चित्र नव्हतं. त्यांनी आत जाऊन चांगली टेरिकॉटची पॅन्ट आणून दिली.

मी घरी येऊन ती पॅन्ट तीन वेळा उलटून पाहिली. कुठं विटलेली नाही, उसवलेली नाही. मग संशय आणखी वाढला. धड पॅन्ट देऊन हा माणूस ती तबकडी कामून घेतो? त्यात सोनं असतं का? पोलिसांचं काही असतं का? पुढच्या खेपेला मी धीर करून विचारलं. त्यांनी नीट सांगितलं. ठिकठिकाणी कॉलेजातली पोरं आपली आपण गाणी रचतात, कुठल्या मोठ्या कंपनीकडं जात नाहीत, स्वतःच्या खर्चानं मोजक्या छोट्या तबकड्या काढतात आणि ओळखीच्यांना वाटतात. गाणीही नेहमीसारखी नसतात. कुणी सायकलच्या तारा छेडतं, कुणी पत्र्याचा डबा बडवतं, कुणी नुसतं बोलतं आणि त्याला गाणं म्हणतं. हैदराबाद, बेंगळुरू, मुंबई, सगळीकडं अशी पोरं होती. ती पोरं पुढं नोकरीला लागली आणि तबकड्या माळ्यावर गेल्या. साहेब त्या गोळा करत होते.

मी मान डोलावली, पण खरं वाटलं नाही. तरी त्या दिवसापासून मी त्याच तबकड्या शोधू लागले. छोटी, चित्र नसलेली, कव्हर घरी केलेलं. साहेब एकावर एक पॅन्ट, सदरा, जुना स्वेटर देत राहिले. त्यांच्या अंगावर तेच तेच दोन सदरे दिसू लागले तेव्हा वहिनी दारात आल्या आणि मला पायापासून डोक्यापर्यंत पाहून म्हणाल्या, "तुम्ही आमच्या घरात भांडी कधी देणार आहात? इथं नुसते कपडेच बाहेर चाललेत." त्यांना माझाही संशय होता आणि नवऱ्याचाही. मला राग आला नाही. त्यांच्या जागी मीही तेच केलं असतं.

मीही काही छोट्या तबकड्या पेटीत मागं ठेवू लागले. वाजवायला मशीन नव्हती. पण ज्या वस्तूसाठी माणूस आपले कपडे देतो, ती थोडी आपल्याकडं असावी असं वाटलं.

नांदेडला पत्र्याच्या घरांची एक गल्ली होती, तिथं माई राहायच्या. बौद्ध कुटुंब, धाकटा मुलगा बँकेत शिपाई, त्याची बायको सुनंदा. माईंचा थोरला मुलगा मिलिंद काविळीनं गेलेला. एका खेपेला माई लेकीकडं लोह्याला गेल्या होत्या. सुनंदानं घर साफ करायला काढलं होतं. तिनं दोन पॅन्टी, एक लुगडं आणि एक छोटी तबकडी दिली आणि झाकणाचा डबा घेतला. तबकडीचं कव्हर मिलोच्या, म्हणजे दुष्काळात रेशनवर मिळायची त्या परदेशी तांबड्या ज्वारीच्या पोत्याचं होतं. हातानं शिवलेलं, टाके इतके बारीक की मी आधी शिवणच बघत बसले. तीन बाजू पांढऱ्या दोऱ्याच्या, एक बाजू निळ्या.

लातूरला आले तर तिसऱ्याच दिवशी धारूरकर साहेब रस्त्यात भेटले. गाठोड्याच्या तोंडाशी पोत्याचं कापड दिसलं आणि त्यांचा चेहरा बदलला. आत्ताच्या आत्ता द्या म्हणाले. मी आठ दिवसांचं सांगितलं. ते म्हणाले, ठीक आहे, पण गौराबाईंकडंही असली एक आहे असं ऐकतो, त्यांना विचारतो. आता वाटतं, त्यांनी ते सहज म्हटलं असेल. तेव्हा मला वाटलं, गौराबाई माझी गिऱ्हाइकं फोडून राहिली. जिनं मला नियम शिकवला, तिच्याच संशयानं मी तो मोडला. साहेबांनी त्या तबकडीवर आपला लग्नातला कोट दिला.

नांदेडला मी बहिणीकडं उतरायचे. सहाव्या दिवशी तिचा निरोप आला, माई दारात येऊन बसल्या आहेत.

मी पहिल्या एसटीनं गेले. माई बहिणीच्या ओट्यावर बसल्या होत्या. ओरडल्या नाहीत, म्हणून जास्त भीती वाटली. त्यांनी सांगितलं ते असं. दुष्काळाच्या साली माई लोह्याच्या रस्त्यावर खडी फोडायला जायच्या. मिलिंद कॉलेजात होता. त्यानं आणि दोन मित्रांनी गाणं रचलं, हैदराबादला जाऊन तबकड्या काढून आणल्या. कव्हरं माईंनी शिवली. एक तबकडी त्यानं माईंच्या हातात दिली, ही तुझी म्हणून. घरात मशीन नव्हती. पुढं आणू म्हणाला, आणि पुढं तो राहिला नाही. माईंनी ती तबकडी फळीवर, बुद्धांच्या आणि बाबासाहेबांच्या फोटोंमध्ये ठेवली होती. या वर्षी धाकट्यानं मिलिंदच्या पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे त्याच्या आठवणीच्या दिवसासाठी बँकेतल्या साहेबाची मशीन मागून आणली होती. भंतेजी येणार होते. मग सगळ्यांनी मिलिंदचं गाणं ऐकायचं ठरलं होतं. माईंनी ते एकदाही ऐकलेलं नव्हतं.

"कव्हर शिवताना पांढरा दोरा सरला," माई म्हणाल्या. "एक बाजू निळ्यानं शिवली. ती माझी. शेवंते, मला दुसरी नको. त्याच्या हातची पायजे."

माझं नाव त्यांना माहीत होतं. मी आणते म्हणाले. पुण्यानुमोदनाला दिवस तीन होते.

धारूरकर साहेबांच्या घरी मी कोट घेऊन गेले. लातूरच्या उन्हात तो कुणी घेतला नव्हता. भर दुपार होती आणि लाइट गेलेली. मी सगळं सांगितलं. साहेब बराच वेळ चष्मा पुसत राहिले. मग आतून पाच तबकड्या आणून सतरंजीवर मांडल्या. पाचही पोत्याच्या कव्हरातल्या. मिलिंदच्या त्या एकाच गाण्याच्या पाच. एका माणसाला एकच गाणं पाच वेळा कशाला लागतं, हे मला तेव्हाही कळलं नाही. निळ्या दोऱ्याचं कव्हर मी लगेच ओळखलं. साहेबांनी ते उचलून माझ्या हातात दिलं.

इतक्या सहज कुणी देतं का? मी तबकडी बाहेर काढली आणि खिडकीच्या उजेडात तिरपी धरली. पांढऱ्या रेघाच रेघा. घासून घासून भुरी पडलेली. माईंची तर कधी वाजलीच नव्हती.

"ही न्हवं," मी म्हणाले.

"कव्हर तुमचंच आहे. आतली मी बदलली," साहेब म्हणाले. "बाई, हीच न्या. तुमची वाजत नाही."

"कुणी वाजवलीच न्हाई, तर न वाजायला काय झालं तिला?"

"वाकली आहे. पत्र्याखाली राहिली असेल, उष्णतेनं वाकते. सुई टिकत नाही तिच्यावर. लाइट असती तर दाखवलं असतं."

"लाइट बराबर आत्ताच गेली का, साहेब?"

मी आयुष्यात कुणाला इतकं तोडून बोलले नव्हते. दाराआडून वहिनी म्हणाल्या, "द्या हो त्यांची त्यांना. आणि तो कोट आत आणा."

त्यांनी दुसऱ्या कव्हरातून एक तबकडी काढली. ती काळीभोर, आरशासारखी. एक ओरखडा नाही. कडेला जराशी लाट होती, पण ती मी मनावर घेतली नाही. कापडाला चुणी असते, चुणीनं कापडाचं मोल उतरत नाही. मी कडा बोटानं दाबून पाहिली, घासलेली सतरंजीवर ठेवली आणि ही निळ्या दोऱ्याच्या कव्हरात घातली.

"चुकताय तुम्ही," एवढंच साहेब म्हणाले. मला वाटलं, हातची गेली म्हणून म्हणतात.

एसटीत मी खूश होते. शिकलेल्या माणसानं अदलाबदल केली आणि मी ती उजेडात धरून पकडली, असं मनात घोळत होतं. माईंनी निळा दोरा पाहिला, कव्हर गालाला लावलं. सुनंदानं डबा आणून माझ्यासमोर आदळला. नियमाप्रमाणं मी तो घेतला. माई म्हणाल्या, उद्या तूही ये.

दुसऱ्या दिवशी भंतेजींनी वंदना घेतली, जेवणं झाली. गल्लीतली वीस-पंचवीस माणसं सतरंज्यांवर बसली. धाकट्यानं मशीन लावली, तबकडी ठेवली. ती फिरू लागली तशी कडेची लाट वरखाली होऊ लागली. सुई वर चढली, खाली आली, आणि सरळ मधोमध घसरत गेली. कचकन आवाज आला, बस. त्यानं पुन्हा लावली. पुन्हा तेच. कुणी म्हणालं मशीन बिघडली. मग त्यानं शेजाऱ्यांची सिनेमाची तबकडी लावून पाहिली. ती छान वाजली. त्यामुळं आणखी वाईट झालं.

सुनंदा माझ्याकडं वळली. "बदलून आणली का वो तुमी?"

मागून एक बाई बोलली, "कव्हर त्येच ठिवायचं न् आतलं काढायचं. यांचा धंदाच त्यो."

लातूरला साहेबांना मी जे म्हणाले होते तेच या बायका मला म्हणत होत्या, आणि त्यांच्याकडंही पुरावा माझ्याइतकाच होता. माईंनी तबकडी उचलून पदरानं पुसली. पुसून वाजेल असं त्यांना वाटलं असावं. लोक हळूहळू उठून गेले. मी बहिणीकडं गेले. जेवले नाही.

सकाळी लातूरला आले ती घरात पाय टाकताच आधी पेटी उघडली. मागं ठेवलेल्या छोट्या तबकड्यांतल्या तीन बऱ्या वाटल्या त्या घेतल्या आणि साहेबांच्या पायरीवर जाऊन बसले. कचेरीतून येईपर्यंत बसले. ते आले, मला पाहिलं, आणि त्यांना सगळं कळलं. तुम्हाला सांगितलं होतं, असं ते म्हणाले नाहीत. म्हणाले असते तर मला सोपं गेलं असतं.

मी तीन तबकड्या पुढं केल्या आणि घासलेली मागितली. त्यांनी तिन्ही पाहिल्या, एक घेतली, दोन परत दिल्या.

"एकच कामून?" मी विचारलं.

"एकाला एक," ते म्हणाले. "आता लाइट आहे. ऐकून न्या, म्हणजे वाटेत शंका नको."

त्यांनी ती थोडी वाजवून दाखवली. मी ऐकत असताना खाली बघत होते. त्यांनी ठेवून घेतलेली एक कुठली होती, तिचं मोल काय होतं, हे मला आजपर्यंत कळलेलं नाही. तिन्हींतली सगळ्यात दुर्मीळ तीच असणार असा माझा अंदाज आहे. साहेबांची पुढं बीडला बदली झाली. तोवर मी त्यांना आणखी तबकड्या दिल्या, पण आठ दिवसांच्या आत एकही नाही.

नांदेडला पोहोचले तेव्हा मशीन अजून माईंच्या घरी होती, रविवारी परत द्यायची होती. या वेळी भंतेजी नव्हते, गल्ली नव्हती. माई, धाकटा, दारात उभी सुनंदा आणि मी. मी आधीच सांगून टाकलं की ही तुमची नाही, दुसऱ्या कुठल्या तरी घरची आहे, खूप घासलेली आहे. माईंनी मान हलवली. धाकट्यानं सुई ठेवली.

आधी नुसती खरखर. मग दगडावर हातोडे पडू लागले, एक, दोन, मग पुष्कळ. मधून सायकलच्या तारांचा टणत्कार. आणि एक पोरगा रोजगार हमीच्या हजेरीतली नावं गाऊ लागला. नावं, फक्त नावं, बायकांची, चढ्या सुरात, मध्येच खाली. त्याचा आवाज काही फार चांगला नव्हता. मला त्यात गाणं सापडलं नाही. पण माई पुढं सरकल्या. नावं ऐकता ऐकता त्या हसू लागल्या. मुकादम असाच वरडायचा म्हणाल्या, ही आमची ठकुबाई, ही द्वारका, ती काम चुकवायची, तिचं नाव यानं दोनदा घेतलंय बग. स्वतःचं नाव आलं तेव्हा हसायच्या थांबल्या. तबकडी संपली. सुई आत टिकटिक करत राहिली, ती कुणी उचलेना.

"लई खरखर हाय गं हिच्यात," माई म्हणाल्या.

मला लाज वाटली. म्हटलं, माई, पुष्कळ वेळा वाजवली की अशीच होते.

माईंनी तबकडी हातात घेतली. त्या भुऱ्या रेघांवरून बोट फिरवलं.

"म्हंजे कुणीतरी लई ऐकलंय माझ्या पोराला," त्या म्हणाल्या. मग धाकट्याला म्हणाल्या, "लाव पुन्हा."